सासूबाईंचं मत

आमच्या घरात मतदानाचा हक्क दोघींना आहे. एक माझ्या सासूबाईंना आणि दुसरा, अठरा पूर्ण झाल्यावर, इथेच जन्मलेल्या माझ्या मुलीला. मला आणि माझ्या नवऱ्याला नाही. मिशिगनमध्ये राहून आम्हाला चौदा वर्षं झाली, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही आहोत तिथेच आहोत. सासूबाई मात्र थोरल्या दिरांमुळे आल्या. ते इथले नागरिक, त्यामुळे आईचं काम भराभर झालं. नागरिकत्वाआधीची पाच वर्षं त्या इथे ट्रॉय गावात आमच्याकडे राहिल्या, माझ्याच गाडीतून इंग्रजीच्या वर्गाला गेल्या, आणि एका सकाळी उजवा हात वर करून शपथ घेऊन नागरिक झाल्या. मी टाळ्या वाजवल्या. फोटोही मीच काढले.

तेव्हा मला हेवा वाटला नाही असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. ते जवळजवळ खरं होतं. खरा हेवा सुरू झाला तो त्या वर्षीच्या प्रायमरीत.

पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरायचा होता. बरेच जण गळून शेवटी दोघे उरले होते. एक म्हातारे सिनेटर, आयुष्य राजधानीत गेलेले, कुठलं दार कुठे उघडतं ते माहीत असलेले. दुसरी चाळिशीतली एक बाई, पूर्वी शाळेत शिकवणारी, नुकतीच काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, निवडून आलेली. ती सभेत बोलायला लागली की माणसं खुर्चीत पुढे सरकायची. टीव्हीवर रोज तेच. अनुभव हवा की बदल हवा? मी ऑफिसला जाताना गाडीत रेडिओ ऐकायची, परत येताना ऐकायची. दोघांच्या वादाचा शब्दन्‌शब्द मला पाठ होता. मी मनाने केव्हाच त्या बाईच्या बाजूची झाले होते. अनुभवी लोकांनी आमची रांग किती हलवली ते मी बघितलं होतं.

पूर्वी संध्याकाळी नवरा आणि मी चहा घेताना यावर बोलायचो. त्या हिवाळ्यात तो चहाचा कप घेऊन आईच्या खोलीत जायला लागला.

"मग आई, काय ठरवलंस?"

"अजून बघून राह्यली मी," सासूबाई म्हणायच्या. त्या अमरावतीच्या. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. बाहेर अगदी प्रमाण मराठी बोलायच्या, घरात वऱ्हाडी. "घाई काऊन करता?"

मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला कोणी विचारत नव्हतं, कारण मला विचारून काही होणार नव्हतं. एकदा न राहवून मी आत जाऊन म्हणाले, "त्या सिनेटरने गेल्या वेळी इमिग्रेशनच्या बिलावर काय केलं माहीत आहे ना?" नवरा म्हणाला, "यार, तिला तिचं ठरवू दे ना." तो चिडून बोलला नव्हता. पण मी परत ओट्याकडे आले आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत काही न करता तशीच उभी राहिले.

मग एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात एक पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई उभी होती. बर्फातून चालत आल्यामुळे तिचं नाक लाल झालं होतं. कोटावर त्या सिनेटरच्या नावाचा बिल्ला. तिने आमचं आडनाव घेऊन विचारलं, "मिसेस अमुक?" मी हो म्हणाले. मी आहेच ना मिसेस अमुक. तिने हसून बोलायला सुरुवात केली, की हा काळ किती कठीण आहे, अशा वेळी अनुभवी माणूस का हवा, तुम्हाला काय वाटतं? मला किती दिवसांनी कोणीतरी हे विचारत होतं. मी दाराला टेकले आणि म्हणाले, खरं सांगू का, मला बदल महत्त्वाचा वाटतो. तिला ते आवडलं. तिने हातमोजा काढला, वाद घालायची तयारीच केली. तेवढ्यात तिने हातातल्या मतदारयादीकडे पाहून पहिलं नाव वाचलं, अडखळत, पण बरोबर.

"त्या माझ्या सासूबाई," मी म्हणाले.

"अच्छा. आणि तुम्ही?"

"मी मतदार नाही."

तिला वाईट वाटलं असावं. तिने माझ्या दंडाला हात लावला. पण लगेच माझ्या खांद्यावरून तिची नजर आत गेली. सासूबाई शाल सावरत येत होत्या. मी बाजूला झाले. दोघी दारातच बोलत राहिल्या. सासूबाईंचं इंग्रजी सावकाश होतं, पण दवाखान्यातलं, पक्कं. मध्ये एकदा त्यांना तिचा उच्चार कळला नाही म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं, आणि त्या पुन्हा तिच्याकडे वळल्या. मी चहाचं विचारलं. दोघींनी नको म्हटलं.

त्याच आठवड्यात मुलीने शाळेतून एक असाइनमेंट आणली. घरातल्या मतदाराची मुलाखत घ्यायची, तो कसा विचार करतो ते वर्गात सांगायचं. मी म्हणाले, "मला विचार की. या दोघांबद्दल मला सगळं माहीत आहे."

"आई, इट हॅज टू बी अ व्होटर," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून, "सॉरी. इट्स जस्ट द रूल."

ती आजीच्या खोलीत जाऊन बसली. दार उघडं होतं. सासूबाई तिला दवाखान्यातल्या गोष्टी सांगत होत्या. त्या गोष्टी मला माहीत होत्या, पण त्या दिवशी वेगळ्याच कामाला आल्या. एक जुने सर्जन होते, सासूबाई सांगत होत्या. नुसता पोटाला हात लावून दुखणं कुठे ते सांगायचे. पण शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायला लागला आणि ते सांगायची कोणाची हिंमत होईना. नर्सला दिसत होतं, वॉर्डबॉयला दिसत होतं, सगळे गप्प. मग नवीन डॉक्टर आले, तरुण. आल्या आल्या वॉर्ड उलटापालटा केला. खाटा खिडकीकडे नेल्या, नातेवाइकांच्या वेळा बदलल्या, औषधांचं कपाट दुसरीकडे. अर्ध्या गोष्टी चांगल्या झाल्या. उरलेल्या अर्ध्या पुन्हा होत्या तशा कराव्या लागल्या, आणि त्यात एका पेशंटचे हाल झाले.

"सो हू वॉज बेटर?" मुलीने विचारलं.

"तेच तर ठरवून राह्यली मी, बाबू."

मी बाहेर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मला कबूल करावं लागलं की रेडिओवर यापेक्षा चांगलं कोणी बोललं नव्हतं. ते कबूल केल्यामुळे जास्तच जळफळाट झाला. मत तर त्यांना होतंच, वर त्या विचारही नीट करत होत्या. त्यांनी आळस केला असता, कोणाचंही नाव ठोकून दिलं असतं, तर मला निदान चिडता आलं असतं.

मतदानाच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. सासूबाई अचानक म्हणाल्या, "तू सांग. तू एवढं ऐकतं दिवसभर. काय वाटते तुले?"

मी वाटच बघत असल्यासारखी सुटले. त्या बाईच्या योजना, तिचं शाळांबद्दलचं म्हणणं, विमा, आमच्यासारख्यांची रांग, ती काय काय करणार आहे. मेथी तशीच राहिली. सासूबाई माझं सगळं ऐकत होत्या, पानं खुडत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "तिनं आजवर कोणतं काम पुरं केलं?"

"आई, तिला संधीच कुठे मिळाली अजून?"

"हाव, तेही खरं." मग थोड्या वेळाने, "अन्‌ म्हाताऱ्यानं?"

"म्हाताऱ्याने काय केलं? आमची रांग आहे तिथेच आहे."

"ते त्याच्या एकट्याच्या हातात होतं काय?"

मी म्हणाले, कोणाच्याच एकट्याच्या हातात नसतं, म्हणून तर माणूस बदलायचा. त्यांनी मान हलवली. त्यांना पटलं असं मला वाटलं. त्या रात्री मला छान झोप लागली. मला मत नव्हतं, पण एका मतापर्यंत माझा आवाज पोचला होता. तेवढ्यावर मी खूश होते.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुलीची शाळा सुटल्यावर तिलाही घेतलं, कारण तिला असाइनमेंटसाठी बघायचं होतं. मतदान एका प्राथमिक शाळेच्या जिममध्ये होतं. सासूबाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती, त्यावर जाड कोट, पायात बर्फाचे बूट. आत ओळखपत्र दाखवलं, त्यांना मतपत्रिका मिळाली. तिथल्या माणसाने मुलीला आजीबरोबर जायला हसून परवानगी दिली. लहान मुलं चालतात म्हणाला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मॅम, तुम्ही मतदान करणार आहात?"

"नाही. मी ड्राइव्ह करून आणलंय त्यांना."

"मग तुम्ही तिकडे थांबा, प्लीज."

तिकडे म्हणजे भिंतीशी, बास्केटबॉलच्या जाळीखाली. तिथून मला त्या दोघींच्या पाठी दिसत होत्या. सासूबाई वाकून, पेन घट्ट धरून, सावकाश नावापुढचा गोल भरत होत्या. मुलगी टाचा उंचावून बघत होती. मी त्या पेनाकडे बघत होते. आयुष्यात मला दागिन्यांचा हेवा वाटलेला नाही, कोणाच्या घराचा वाटला असेल थोडाफार. पण त्या फडताळाएवढ्या खोक्यात वाकून उभं राहायला मिळावं म्हणून त्या क्षणी मी काहीही दिलं असतं. आणि तिथे उभ्या असलेल्या पंचाहत्तरीच्या बाईचा, जिच्या गुडघ्यांना मी रोज तेल लावून देत होते, मला इतका राग आला की मी मान वळवून भिंतीवरची मुलांची चित्रं बघत बसले.

दोघी परत आल्या. सासूबाईंच्या कोटावर मतदान केल्याचं स्टिकर, मुलीच्या जॅकेटवर 'भावी मतदार' असं. दोघी एकमेकींकडे बघून हसत होत्या. मी गाडी सुरू केली, काचांवरचं बर्फ खरवडलं, हीटर लावला.

"मग?" मी विचारलं.

"मत गुप्त असते," सासूबाई म्हणाल्या. मागून मुलगी म्हणाली, "आय नो, बट आय कान्ट टेल यू."

जेवताना सासूबाईंनी स्वतःच सांगितलं. म्हाताऱ्याला दिलं.

मी वाढता वाढता थांबले. "पण परवा तर तुम्हाला पटलं होतं."

"तुझंच ऐकून दिलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू एवढं बोलली. ती हे करणार, ती ते करणार. केलं, असं एकही नव्हतं त्यात. तुले एवढं सारं माहीत, तुलेच सापडलं नाही, तर नसंलच. मी म्हटलं, हात थरथरते तर थरथरू दे, पाहून घेऊ."

नवरा हसला. मुलगी हसली. मी पोळ्या आणायला आत गेले. माझं बोलणं त्या मतापर्यंत पोचलं होतं हे खरं, पण दुसऱ्याच बाजूला जाऊन पडलं होतं. माझं स्वतःचं एक मत असतं तर काय झालं असतं? घरात एकास एक झालं असतं, एवढंच. राज्यात तो सिनेटर तसाही जिंकलाच, चांगल्या फरकाने. मला त्या बाईने जिंकावं असं वाटत होतं, पण त्याहून जास्त मला तिच्याबरोबर हरायचं होतं, माझं मत टाकून. माझ्या वाट्याला हरणंही आलं नाही.

पुढचे बरेच दिवस मी सासूबाईंशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्यांना ते कळत होतं. गुडघ्यांचं तेल त्या स्वतःच लावून घ्यायला लागल्या. मॉलमध्ये चालायला जाणाऱ्या त्यांच्या गटातल्या काकू फोनवर विचारायच्या, कोणाला दिलं, का दिलं, आणि सासूबाई त्यांच्या खोलीत हळू आवाजात उत्तरं द्यायच्या. तो हळू आवाजही मला लागायचा.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळल्यावर, एका सकाळी नाश्त्याला त्यांनी नवऱ्याला विचारलं, "मी आता इथली नागरिक. थोरल्यानं मले आणलं. मग मी तुम्हा दोघांचा अर्ज नाही करू शकत काय?"

नवऱ्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याने समजावलं, की करू शकतेस आई, पण लग्न झालेल्या मुलासाठी जी रांग आहे ती आमच्या रांगेसारखीच लांब आहे. आपला नंबर लागेपर्यंत आपण कोण कुठे असू, सांगता येत नाही.

"म्हणजे मी असून काही उपयोग नाही?"

"तसं नाही गं."

सासूबाईंनी आपली बशी पुढे ओढली. चमच्याने शेंगदाणे एका बाजूला काढत राहिल्या. मग माझ्याकडे वळून, नवऱ्याकडे नव्हे, त्यांनी विचारलं, "मग त्या पोरीले द्याले पाह्यजे होतं काय वं मी मत?"

तिलाही जमलं नसतं, हे मला माहीत होतं. नव्या माणसाने रांग एका वर्षात हलवली असं मी कुठेच पाहिलेलं नाही. पण सासूबाई उत्तरासाठी थांबल्या होत्या.

"हो," मी म्हणाले. "द्यायला हवं होतं."

त्यांनी मान डोलावली आणि पोहे खायला लागल्या. मी त्यांच्या बशीत लिंबू पिळलं. हेवा कमी झाला होता असं नाही.