वरातीत वाजलेलं गिटारचं गाणं

“मास्तर, ह्यात ढोल कुटं मारायचा? ह्यो बाबा तर निस्ता बोलतोय,” गेनूनं विचारलं.

लोणावळ्यात वखारवाल्या आबांच्या माडीवर आम्ही रेकॉर्डप्लेयरभोवती बसलो होतो. मी वडगावचा बँडमास्तर, गेनू माझा ढोलवाला. सत्तरच्या आसपासची गोष्ट. आबांचा मुलगा श्रीकांत न्यूयॉर्कला शिकून आलेला, लग्न तोंडावर. तिकडं म्हणे एक मोहल्ला आहे. कवी, चित्रकार, फाटक्या खिशाचे गवई तिथं राहतात, स्वतः गाणी रचतात आणि कॉफीच्या दुकानात गिटारवर म्हणतात. त्यातलं एक गाणं त्याला वरातीत हवं होतं.

“श्रीकांतराव, सिनेमातलं सांगा, जीव ओतून वाजवतो.”

“मास्तर, मला आबांना ऐकवायचंय. रेकॉर्ड लावली की ते उठून जातात. अभ्यास सोडून हेच करत बसलास, म्हणतात. वरातीतून कुठं जातील?”

मला हसू आलं, पण पोराचा चेहरा बघून आवरलं.

गाणं होतं घरापासून लांब, एका खोलीत राहणाऱ्या माणसाचं. श्रीकांतनं ओळीओळीचा अर्थ सांगितला, मी ते क्लॅरोनेटवर बसवलं. आमच्यात क्लॅरोनेट म्हणजे गवई. ट्रंपेट, ढोल ही त्याची भावकी, मागून गलका करते. तालमीला सवयीनं मी लय दुप्पट केली आणि सगळी भावकी मोकळी सोडली. गेनू खूश. श्रीकांत रडवेला.

“मास्तर, हा माणूस एकटा आहे हो!”

वैतागलो. वरातीत एकटा माणूस कुठून आणू? बँड हळू वाजला तर लोक म्हणणार, कुणाची मयत निघाली? आबा तर हाकलूनच देतील.

मग ओवाळणी आठवली. वरात दारोदारी थांबते, बाया ताट घेऊन नवरा-नवरीला ओवाळतात. आम्ही अडाण्यासारखे तेव्हाही बडवत असतो. ठरवलं, चालताना धृपद, म्हणजे फिरून येणारी ओळ, सगळ्या बँडनं वाजवायची. नाचणाऱ्यांनी खुशाल नाचावं. दारात थांबलं की कडवं, फक्त माझं क्लॅरोनेट.

गेनूचं तोंड वाकडं. “म्हंजी मी हात बांधून हुबा ऱ्हाऊ? लोक हसत्याल की!”

“हसू दे. टिपरू उचललंस तर बघ.”

संध्याकाळी वरात निघाली. पहिल्या दारात ढोल थांबला तसे आबा गर्रकन वळले. “काय हो मास्तर, दम लागला का?” मी वाजवत राहिलो. पुढच्या दारात ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. त्याच्या पुढच्या दारात कुणी मोठ्यानं बोलायला लागलं, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं.

घराशी वरात पोचली. नवरी माप ओलांडायला उभी. मी क्लॅरोनेट खाली घेतलं. आबा श्रीकांतजवळ गेले.

“रोज हेच ऐकायचास तिथं?”

“हो.”

“सोबत कोण असायचं रे?”

“कुणी नाही, आबा.”

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, “मास्तर, तेवढं एकट्याचं परत वाजवा.”

आनंदानं मला धड फुंकता येईना. तरी वाजवलं.

तेव्हापासून ओवाळणीला आमचा ढोल बंद. गेनूला ढोल वाजवायला शिकवणं सोपं गेलं होतं. गप्प उभं राहायला शिकवताना माझा घाम निघाला.