उजवीकडे सरकलेली दारं

माझा मामा गवंडी. गवंड्याला चार गोष्टी लागतात: थापी, ओळंबा, गुण्या आणि दोरी. मामाकडे पाचवी होती, ती म्हणजे जीभ. भिंत बांधून झाली की तिच्यावर हात आपटून तो म्हणायचा, "जग हलेल, पण माझ्या हातचं काम हलायचं नाही!" हे त्याने निदान दोनशे भिंतींना ऐकवलं असेल. भिंतींना उलट बोलता येत नाही, हे त्याचं नशीब.

आई आणि मावशी या त्याच्या धाकट्या बहिणी. दोघींची घरं त्यानेच बांधली, एका अरुंद बोळाच्या दोन बाजूंना, समोरासमोर. एकीला दुसरीवाचून करमायचं नाही, म्हणून मामाने दोरी ताणून बरोबर दारासमोर दार आणलं, आणि या उंबऱ्यापासून त्या उंबऱ्यापर्यंत काळ्या फरश्यांचा सरळ पट्टा टाकला. आई आमच्या स्वयंपाकघरातून मावशीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि "अगं, चार झाल्या, बंद कर!" म्हणून ओरडायची. मावशीला स्वतःला कधी मोजाव्याच लागल्या नाहीत.

वर्ष झालं नाही तोच पट्टा मधोमध तडकला. मामाने फरशी बदलली. पुढच्या वर्षी पुन्हा तडकली. गावात इतर ठिकाणीही तीच रड होती. बेकरीची जमीन, शाळेची कुंपणभिंत, न्हाव्याची पायरी, जिथे तिथे भेग, आणि बुजवायला मामा. मामा बुजवायचा, भेग वर्षभरात माहेरी आल्यासारखी परत यायची. लोक त्याला भेगमामा म्हणू लागले. तोंडावर म्हणायचे, त्याचंच वाईट वाटायचं.

तीस वर्षांत पट्ट्याचा आमच्याकडचा अर्धा एकीकडे आणि मावशीकडचा अर्धा दुसरीकडे असा वीतभर फरक पडला. आता दारं समोरासमोर नव्हती. आई आमच्या दारात उभी राहून म्हणाली, "हिने नवी चौकट बसवताना दार मुद्दाम उजवीकडे घेतलं. माझी नजर नको असेल!" मावशी तिच्या दारातून म्हणाली, "वा गं! उजवीकडे तर तुझं दार गेलंय!" शब्दाला शब्द वाढला आणि बोलणं बंद झालं. ते चार वर्षं बंद राहिलं. मावशीची डाळ त्या चार वर्षांत कितीदा करपली याची मोजदाद नाही. वास आमच्याकडे यायचा, आई नाक दाबून बसायची, पण ओरडायची नाही.

दोघींचं एका बाबतीत मात्र एकमत होतं: मूळ चूक दादाची. त्याचीच दोरी वाकडी होती.

हे मामाला झोंबलं. न्हाव्याच्या दुकानात दहा माणसांसमोर त्याने सांगून टाकलं, "हा पट्टा आता शेवटचा टाकतोय. पुन्हा तडकला तर थापी खाली ठेवीन." खाली लोखंडी सळ्या घातल्या, सिमेंटमध्ये हात आखडता घेतला नाही, तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारलं. अकराव्या महिन्यात केसासारखी रेघ दिसली. मामा उकिडवा बसून तिच्यावरून बोट फिरवत राहिला. मग घरी गेला, थापी धुतली, पुसली आणि खिळ्याला लटकवली. मी त्याला कधी गप्प पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं.

तो असा महिनाभर गप्प असताना भूगर्भ खात्यातल्या एक बाई गावात आल्या. पाठीवर पिशवी, हातात नकाशा. त्यांनी न्हाव्याला विचारलं, "गावात भिंतींना, रस्त्यांना भेगा कुठे कुठे आहेत?" दुकानातली सगळी माणसं एकदम म्हणाली, "भेगमामाला विचारा!"

मामा आधी चिडला. पण गवंड्याला भेग दाखव म्हटलं की पाय आपोआप निघतात. मीही मागून गेले. बेकरी, शाळा, पायरी, आमचा बोळ: तेवीस भेगा त्याने न अडखळता दाखवल्या, कुठली कधी बुजवली ते महिन्यासकट. बाई नकाशावर ठिपके देत गेल्या. शेवटी पट्टी ठेवून त्यांनी ठिपके जोडले. रेघ सरळ आली, मामाच्या दोरीसारखी.

"काका, जमीन अखंड नसते," बाई म्हणाल्या. "तिच्या प्रचंड मोठ्या लाद्या आहेत, आणि त्या सरकत असतात."

"कोणी बसवल्या?" मामाने पहिली शंका काढली.

"कोणी नाही. काही ठिकाणी त्या एकमेकींवर रेटतात, तिथे डोंगर उठतात, नाहीतर एक दुसरीच्या खाली जाते. काही ठिकाणी लांब जातात आणि मधल्या फटीतून खालचा रस वर येऊन थिजतो."

"म्हणजे सांधा आपोआप भरतो?" मामाच्या आवाजात हेवा होता.

"तिथे भरतो. इथे नाही. इथे दोन लाद्या एकमेकींना घासून बाजूबाजूने जातात. तुमच्या बोळाखालून त्यांचा सांधा गेलाय. वर्षाला गव्हाच्या दाण्याएवढ्या सरकतात. सरकतात हे त्यातल्या त्यात बरं. जिथे अडून बसतात, तिथे वर्षानुवर्षं ताण साठतो आणि मग एका दणक्यात सुटतो. तोच भूकंप."

मामा हळूच म्हणाला, "म्हणजे माझं काम..."

"काम उत्तम आहे. जग हललंय."

मामाने डोळे पुसले. सिमेंट गेलं म्हणाला. महिनाभर त्याने सिमेंटला हात लावला नव्हता.

मग बाईंनी सहज सांगितलं, "या सांध्याची गंमत अशी, की कुठल्याही बाजूला उभं राहा, समोरची बाजू उजवीकडेच गेलेली दिसते."

मामाने कपाळावर हात मारला. "ए मोठे! ए धाकटे! बाहेर या!" महिनाभर साठलेला आवाज होता, दोघी हातातलं टाकून आल्या. त्याने आईला दंडाला धरून मावशीच्या उंबऱ्यावर उभं केलं आणि मावशीला आमच्या. "आता समोर बघा. स्वतःचं दार कुठे गेलंय?"

आईने नजर पट्ट्यावरून सरळ पलीकडे नेली.

"अगं बाई," ती म्हणाली, "माझंच गेलंय की उजवीकडे!"

"ताई, माझंही!" मावशी बोळापलीकडून ओरडली.

चार वर्षांतलं हे पहिलं बोलणं. लगेच आईने बाईंना दरडावून विचारलं, "अशाने हिचं घर माझ्यासमोरून पार निघून कधी जाईल?"

बाईंनी मनात हिशेब केला. "नऊशे वर्षं लागतील."

"मग आहे अजून वेळ," असं म्हणून आई मावशीच्याच घरात शिरली. मावशी आमच्या दारात उभी राहून रडत होती.

मामाने थापी खिळ्यावरून काढली, पण पट्टा पुन्हा पक्का केला नाही. मधल्या फरश्या नुसत्या वाळूवर मांडल्या. आता तो दर वर्षी येतो, दोरी ताणतो आणि गव्हाच्या दाण्याएवढ्या तिरक्या सरकवून त्या नीट लावतो. परवाही लावत होता. एवढ्यात मावशीच्या कुकरची चौथी शिट्टी झाली, आणि मामाने हातातली फरशी तशीच धरून आमच्या दाराकडे पाहिलं.

"अगं, चार झाल्या!" आई आतून ओरडली. "बंद कर!"