बाबांची कोलांटउडी

आज शेजारच्या फ्लॅटमधून ताज्या रंगाचा वास आला आणि गुडगावचं आमचं रिकामं नवं घर आठवलं.

त्याआधीच्या, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांना मोठ्याने हसतानाही मी कधी पाहिलं नव्हतं. नव्या घराची किल्ली मिळाली त्या दुपारी मात्र त्यांनी दार उघडलं, चष्मा आईच्या हातात दिला आणि मोकळ्या हॉलमध्ये चक्क कोलांटउडी मारली!



"अहो, कंबर मोडेल!" आई किंचाळली.

"शाळा सुटल्यापासून एवढी जागाच मिळाली नव्हती गं," फरशीवर बसून बाबा खदखदून हसत होते.

म्हातारपणी यांना वेड लागलं की काय, अशी मला भीती वाटली. आज हिशेब केला आणि चरकलेच. बाबा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते, आजच्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान.