उस्ता शहाताची दृष्ट

माझ्या नवऱ्याचं नाव शहाता, म्हणजे भीक. माझ्या सासूची आधीची मुलं पाळण्यातच गेली होती. शेजारणींनी सांगितलं, तुझी पोरं गोरीगोमटी, नावंही राजेरजवाड्यांसारखी, दृष्ट लागणार नाही तर काय होणार? मग हा जन्मला तेव्हा तिने शेजारीपाजारी पदर पसरून चिंध्या मागितल्या आणि त्यांचं अंगडं शिवलं. त्याचा एक कान टोचला, शाळेत जायच्या वयापर्यंत त्याला मुलीचा झगा घातला आणि नाव ठेवलं शहाता. कुणाला हेवा वाटावा असं या पोराजवळ काही राहू द्यायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. ते इतकं फळाला आलं की पन्नाशी उलटली तरी झिफ्ता गावात माझ्या नवऱ्याचा हेवा कुणालाही वाटला नव्हता. उलट दुसऱ्यांचा हेवा करायचं सगळं काम त्याच्याच वाट्याला आलं होतं.

आमचं दुकान कालव्याच्या कडेला आहे. तिथे फक्त चाकांचं काम होतं. इंजिनाची कुरकुर घेऊन कुणी आलं तर हा तोंडसुद्धा उघडत नाही, हाताने पलीकडची गल्ली दाखवतो. पण गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल, टायर एकाच अंगाने झिजत असेल, तर मग त्याला जेवणही सुचत नाही. आधी तो टायरवरून तळवा फिरवतो, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून खरखरीत लागलं की चाक तिरकं चालतंय हे त्याला समजतं. मग जॅक लावून चाक हलवून बघतो, बेअरिंगला कान लावतो, आणि शेवटी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून सगळी चाकं एका ओळीत आणतो. माझा ताप त्याला थर्मामीटर लावूनही कळत नाही, पण गाडीला काय झालंय ते त्याला हात लावताक्षणी कळतं.

हाजी मुतवल्लीची पांढरी पेजो तर माझी सवतच. टांट्याच्या रस्त्यावर सात-सात प्रवासी भरून धावणारी ही जुनी टॅक्सी आमच्या लग्नाच्या वर्षापासून शहाताच्या हाताखाली आहे. एकदा वाटेत पंक्चर झालं म्हणून हाजींनी दुसऱ्या कुणाकडून चाक बसवून घेतलं होतं. याने नुसता पान्हा लावला आणि ओळखलं की नट परक्या हाताने आवळलेत. घरी येऊन आठवडाभर घुम्यासारखा बसला होता. मी कुणा परक्याशी हसून बोलले असते तरी याला एवढं लागलं नसतं. हे मी त्याला तोंडावर सांगितलं, तर म्हणाला, "तुझं वेगळं गं."

अशा माणसासमोर वगीह कुवेतहून परत आला.

वगीह आणि शहाता एकाच म्हाताऱ्या उस्ताच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, हाताखाली काम शिकलेले. वगीह हाताने बेताचा आणि तोंडाने गोड. तो कुवेतला गेला, पैसा केला, आणि येताना व्हील अलाइनमेंटचं मशीन घेऊन आला. पुलाच्या पलीकडे, बरोबर आमच्या दुकानातून दिसेल असं त्याचं दुकान उभं राहिलं. पांढरी फरशी, पडद्यावर हिरवे आकडे, आणि पुढची चाकं उभी करायला जमिनीत बसवलेल्या दोन गोल लोखंडी तबकड्या. उद्घाटनाला वासरू कापलं, दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या रक्ताचे पंजे भिंतीवर उठवले, सगळ्यांना लाल सरबत दिलं. वगीहच्या बायकोच्या बांगड्या कोपरापर्यंत आल्या होत्या. माझी नजर काही केल्या त्यांच्यावरून हटेना, पण मी निदान तोंडाने "माशाअल्लाह" म्हटलं. आमच्याकडे दुसऱ्याचं काही चांगलं बघितलं की ते म्हणायचंच असतं. नाही म्हटलं तर बघणाऱ्याची दृष्ट लागते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

आलेला प्रत्येक जण मशीन बघून तेच म्हणत होता. शहाताने मशीनभोवती फेरी मारली, वाकून पाहिलं, तबकडीवर बोट टेकवलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "चांगलं आहे." पुढे काहीच नाही. मी कोपर मारलं. त्याने सरबताचा भरलेला पेला खुर्चीवर ठेवला आणि चालू लागला. दारात खुर्ची टाकून बसलेली वगीहची आई त्याच्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

वाटेत मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. एका शब्दाला काय मोल पडतं, असं विचारलं.

"म्हणायला गेलो होतो," तो म्हणाला, "घशातून बाहेरच येईना. जळतंय माझं, सनिय्या. त्याला टायरवर हात फिरवता येत नाही, आणि उद्या सगळं गाव त्याच्याकडे जाणार."

आणि दुसऱ्या दिवसापासून विचित्रच सुरू झालं. वगीहकडून निघालेली गाडी पुलावर चढेपर्यंत उजवीकडे ओढायला लागायची. मालक परत यायचे, वगीह पुन्हा मशीनवर घ्यायचा, मशीन म्हणायचं सगळं सरळ आहे. गाडी मात्र पुन्हा उजवीकडेच. एका मिनीबसचे नवेकोरे टायर खाल्ले गेले. वगीहने मशीन उघडलं, पुसलं, पुन्हा लावलं, कुवेतला फोन केले. कशाचाच उपयोग होईना. मग कॉफीच्या दुकानात कुणीतरी म्हणालं की शहाताने माशाअल्लाह म्हटलं नव्हतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वगीहकडची गिऱ्हाइकं आता आमच्याकडे वळतील असं वाटलं. पण ज्या माणसाच्या नुसत्या बघण्याने कुवेतचं मशीन बिघडतं त्याच्या पुढ्यात आपली गाडी कोण उभी करणार? लोक आमच्या दुकानावरून जाताना गाडीचा वेग वाढवायला लागले. लग्नाची एक सजवलेली गाडी तर आम्हाला टाळून लांबच्या रस्त्याने गेली. तरीही शहाता रोज दुकान उघडून बसायचा. मग कुणीतरी सांगितलं की हाजी मुतवल्ली चाकं दाखवायला पार बन्हा शहरात गेले. ती पेजो इतकी खिळखिळी की तिला दृष्ट लागायला जागाच उरली नव्हती, तरीही गेले. त्या दिवशी शहाता दुपारीच कुलूप लावून घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्याच संध्याकाळी वगीहची आई आमच्याकडे आली. चहा घेतला, माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली, सैन्यात गेलेल्या आमच्या मुलाची, रगबची, खुशाली विचारली. मग हळूच म्हणाली की अबू रगबचं, म्हणजे रगबच्या बापाचं, एखादं जुनं फडकं असेल तर दे, सदऱ्याची बाही, काहीही चालेल. मी काय ते समजले. ज्याची दृष्ट लागली त्याच्या कपड्याची चिंधी धुपात जाळली की दृष्ट उतरते. मी चिंधी दिली असती तर माझ्याच हाताने नवऱ्यावर शिक्का मारल्यासारखं झालं असतं.

"खाला, माझ्या घरातली फडकी फरशी पुसायला लागतात," मी म्हणाले.

"चिडू नकोस गं. तो मुद्दाम करतो असं कुठे म्हणते मी? काहींचा डोळाच तसा असतो."

मी तिच्यापुढचा ग्लास उचलला. आणखी काही बोलले असते, पण आतून शहाता बाहेर आला. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"चिंधी मिळणार नाही, खाला. उद्या सकाळी मीच येतो. वगीहला सांग, मला मशीन बघायचंय."

ती गेल्यावर मी त्याला म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? मशीन सुधारलं की सगळ्या गाड्या पूल ओलांडून जातील. आपल्या दुकानाला कायमचं कुलूप समज."

"आणि नाही सुधारलं तर मला बघून लोक गाड्या झाकत राहतील. मला जळायचं असलं तर मी माझ्या दुकानात बसून जळेन. माझ्या जळण्याने गाडी उजवीकडे ओढते म्हणे. गाडी कशाने ओढते ते मला माहीत आहे."

सकाळी त्याच्यामागोमाग मीही गेले. बघे आधीच जमले होते, हाजी मुतवल्लीही मान खाली घालून उभे होते. वगीहची आई नेहमीसारखी दारातल्या खुर्चीत जपमाळ ओढत बसली होती. वगीह पुढे आला, हसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ये, उस्ता. पण लांबूनच बघ हं."

लोक हसले. शहाताने तिकडे लक्षच दिलं नाही. त्याने एवढंच विचारलं की आलेल्या सगळ्या गाड्या उजवीकडेच ओढतात का, एखादी तरी डावीकडे गेली का. वगीह म्हणाला, सगळ्या उजवीकडेच. मग गाड्यांमध्ये दोष नाही, शहाता म्हणाला. गाड्या वेगळ्या, त्यांचे ड्रायव्हर वेगळे, रस्ते वेगळे, आणि आजार सगळ्यांना एकच. म्हणजे आजार जिथे त्या उभ्या राहतात तिथला आहे.

त्याने चपला काढल्या. एक पाय एका तबकडीवर, दुसरा दुसरीवर ठेवून तो उभा राहिला आणि कंबर हलवून पाय फिरवू लागला. डावी तबकडी सहज फिरली. उजवी किंचित फिरून अडली. त्याने पुन्हा फिरवून पाहिली, डोळे मिटून. मग उतरला, पहार मागितली आणि उजव्या तबकडीची कड उचलली. खालून चामड्यात शिवलेला, तळहाताएवढा एक ताईत निघाला. आतला पितळी पंजा वरूनही हाताला लागत होता. त्या ताइतामुळे तबकडी एका अंगाने उचलली गेली होती. वर उभं राहिलेलं प्रत्येक चाक कलायचं, मशीन बिचारं त्या कलण्याला सरळ समजायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी जुळवायचं.

वगीहने विचारलं, हे कुणी ठेवलं इथे. मग दारातून आवाज आला.

"मी ठेवलं," त्याची आई म्हणाली. "उद्घाटनाच्या संध्याकाळी. हा काही न बोलता गेला ना, तेव्हाच. याच्याच डोळ्यासाठी ठेवलं."

सगळं दुकान खो खो हसलं. म्हातारी रडवेली झाली. शहाता हसला नाही. त्याने ताईत सदऱ्याला पुसून तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "दारावर टांग, खाला. चाकाखाली नको."

मिनीबस पुन्हा मशीनवर चढली. या वेळी ती पुलावरून सरळ गेली, सरळ परत आली. लोकांनी वगीहला मिठ्या मारल्या. मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. शेवटी माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने आपली भाकरी त्याच्या ताटात वाढली होती. हाजी मुतवल्लींनी शहाताचा खांदा थोपटला, चार चांगले शब्द बोलले आणि वगीहला विचारलं की पेजोला कधी वेळ देतोस.

शहाता चपला घालत होता. वगीह त्याच्या उघड्या पायांकडे बघत होता. तो चेहरा मी कुठेही ओळखला असता, इतकी वर्षं तो माझ्याच घरात जेवायला बसतो.

"मी ते मशीन तीनदा उघडलं," वगीह हळू आवाजात म्हणाला. "तू नुसता उभा राहिलास. एकाच माणसाने शिकवलं आपल्याला. मला हे कधी आलं नाही."

मी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. तो आला नाही. वगीहने ओठ मिटले आणि पाठ फिरवली.

घरी आल्याबरोबर मी शेगडी पेटवली. तुरटी घेतली, धूप काढला, शहाताला समोर बस म्हटलं. त्या पायांवरच तर आमचं घर चालत होतं, ते उघड्यावर सोडून कसं चालेल?

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"दृष्ट काढते तुझी. त्याने माशाअल्लाह म्हटलं नाही. मी ऐकत होते."

"मीही ऐकत होतो."

त्याने माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. त्याचा चेहरा असा उजळला होता की लग्नाच्या दिवशीही मी तो तसा पाहिला नव्हता. लहानपणी टोचलेल्या कानाची पाळी तो बोटांनी चोळत होता.

"आजच्या दिवस राहू दे, सनिय्या," तो म्हणाला. "जन्मात पहिल्यांदा लागलीये."

मी शेगडी उचलून बाहेर ठेवली आणि जेवायला वाढलं.