काटा पुण्याकडे
उसाच्या मळीचा वास आला की श्रीगोंद्याबाहेरचं ते पडीक रान आठवतं. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. धुळीच्या वावटळीमुळे एक शिकाऊ वैमानिक तरुणी तिथं छोटं विमान घेऊन उतरली होती आणि मी बातमीसाठी पोचलो होतो. दिवस मावळायच्या आत ती पुण्याला परतली नाही, तर लांब पल्ल्याच्या एकट्या उड्डाणाची तिची परीक्षा बुडणार होती. वावटळ निवल्यावर तिनं दिशा दाखवणारं यंत्र लावलं आणि विमानातून आकाशवाणीचं गाणं ऐकू आलं. बंदोबस्ताला आलेला हवालदार पुढे झाला; तेव्हा घरच्या रेडिओलाही सरकारी लायसन लागायचं. "बाई, रेडिओचं लायसन दावा. न्हाईतर डबा काढून ठिवा." ती म्हणाली, "पुणे केंद्र लावलं की हा काटा पुण्याकडे वळतो. त्याच्यावरच मी जाणार." "पर गानं वाजतंय न्हवं?" हवालदारानं विचारलं. विमान बघायला जमलेल्या गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "काट्यालाच इचारा की, लायसन हाय का." तिनं चौघांना शेपूट धरून विमान फिरवायला लावलं, काटा पुण्याकडेच राहिला. "तुमच्यावानीच हट्टी हाय," हवालदार म्हणाला, पण विमानासमोरून हलला नाही. "बाजूला व्हा, इंजिन चालू करतेय," एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं. तेव्हा तो हलला आणि विमान पुण्याकडे उडालं. लायसनचा कायदा त्याच्या बाजूनं असेलही. ती थांबली नाही, हेच मला आजही बरोबर वाटतं.