कॅसांड्राला खोटं पाडायची युक्ती

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढेही नाही, कारण देवापुढे मी फक्त मागायला उभी राहते. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे बरं! भाजीवाल्यानं एक किडकं वांगं टाकलं तरी आमची आख्खी गल्ली ऐकते. पण ही एक गोष्ट — हिच्यापुरती माझी जीभ उचलत नाही.

सुरुवात ऐकून हसाल. सुरुवात एका कॉम्प्युटर गेमपासून आहे. हसा.

माझा मुलगा तन्मय इंजिनिअरिंगला पुण्याला गेला न् त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात एक गेम होता. जुन्या काळच्या ग्रीसमधलं एक शहर, आणि आपण त्याचे कारभारी. धान्य साठवायचं, तट दुरुस्त करायचा, शेजारच्या शहरांशी कधी भांडायचं कधी जुळवून घ्यायचं, समुद्रावरून पर्शियन जहाजं आली की निस्तरायचं. पोराची आठवण यायची म्हणून रविवारी दुपारी सगळे लवंडले की मी तो उघडून बसायची. मग मन लागलं. बाप्पा, असं लागलं की दूध उतू गेलं तरी उठवेना.

त्या गेममध्ये एक बाई आहे. कॅसांड्रा. तन्मयनं फोनवर समजावून सांगितलं — ती खरं तर इतिहासातली नाहीच, त्यांच्या पुराणातली आहे, ट्रॉयची राजकन्या. अपोलो नावाच्या देवानं तिला पुढचं दिसायची शक्ती दिली, आणि तिनं त्याला नकार दिला तेव्हा शाप दिला. दिसेल खरं, पण पटणार कोणालाच नाही. गेमवाल्यांनी तिला तिच्या गोष्टीतून उचलून या इतिहासातल्या शहरात आणून बसवली. तिचं काम एकच. दर हंगामाच्या सुरुवातीला दरबारात यायचं आणि काय होणार ते सांगायचं. बंदराला आग लागेल. विहिरींचं पाणी बिघडेल. खाली दोन बटणं — विश्वास ठेवा, ठेवू नका.

सोपं वाटतं ना? ती खोटं बोलत नाही हे खेळणाऱ्याला लवकरच कळतं. पण विश्वास ठेवला की लोक बिथरतात, सभेतले म्हातारे उलटतात, वर कोपऱ्यात भरवशाची एक पट्टी असते ती झरझर खाली येते आणि तुमची खुर्ची जाते. नाही ठेवला तर आग लागायची ती लागतेच. तन्मय म्हणे, आई, इथे सगळेच अडकतात, मीही किती दिवस अडकलो होतो.

मी अडकले नाही. पहिल्याच खेपेला मी काय केलं, सांगू? भर दरबारात तिला खोटं ठरवलं. लोक खूश. मग हंगाम संपायच्या आत गुपचूप बंदरावरचं एक कोठार रिकामं केलं. एकच — कारण जास्त हलवलं तर लोकांना कळतं. राजवाड्याचं कोठार. आपलं. ते धान्य टेकडीवर नेऊन ठेवलं. आग लागली, बाकीचं बंदर जळालं, माझं वाचलं, आणि भरवशाची पट्टी जागची हललीसुद्धा नाही.

तन्मय सुट्टीत आला तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्याला दाखवलं. तो बघतच राहिला. म्हणाला, "आई, हे तुले सुचलं कसं?"

"घर चालवणारीले सुचतंच बाबा," मी म्हटलं, आणि तो हसला. मीही हसले. पण मला ते सुचलं नव्हतंच. मी ते केलेलं होतं.

आता ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही. महाल नावाच्या जुन्या वस्तीत आमचं घर — खाली आम्ही, वर दीर आणि जाऊ, आणि जिन्याजवळच्या खोलीत ताई न् त्यांची शिलाई मशीन. गल्लीभरच्या साड्यांना पिको-फॉल त्याच करायच्या. स्वभाव कसा सांगू त्यांचा? आपण वरवर बघतो, त्या नीट बघायच्या. "शुभा, गॅसची नळी चिरली वं, बदलून घे." मी मनावर घेतलं नाही न् थोड्याच दिवसांत भपका आला. "त्या सज्जाले ओल धरली, पोरं खाली खेळून राहिले." पुढच्या पावसाळ्यात सज्जाचा तुकडा पडला. यात भविष्य कसलं? डोळे उघडे होते बाईचे, बस्स. पण एकच माणूस दरवेळी वाईट तेच सांगतं आणि ते खरं ठरतं, मग घरात नाव पडतंच.

ते नाव मी पाडलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या. मी तिळगूळ वाटता वाटता म्हटलं, "आमच्या ताईंची जीभ काळी आहे बाप्पा, यांच्यासमोर नवी साडी नेसून येत नका जाऊ!" सगळ्या खो खो हसल्या. ताईही हसल्या. चिकटलं ते चिकटलंच.

आमची गल्ली इतकी अरुंद की शाळेची व्हॅन आत येत नसे, चौकात थांबायची. तन्मय तेव्हा पाचवीत असेल, दिराची मिनू पहिलीत. दोघांना चौकापर्यंत सोडायला रोज ताई. व्हॅनवाला दिराच्या ओळखीचा, दिरानंच ठरवून दिलेला.

एक दिवस मुलांना सोडून ताई सरळ माझ्याकडे स्वयंपाकघरात आल्या. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "शुभा, तो व्हॅनवाला रात्रभर भाजीचा टेम्पो चालवते न् सकाळी पोरं घेते. आजही स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. पोरांनी हॉर्न वाजवून उठवला. त्याचे डोये उघडून नाही राहिले वं. काही तरी कर."

तुम्हाला वाटेल, मी विश्वास ठेवला नाही. तसं असतं तर किती बरं झालं असतं! मी ठेवला. पुरता ठेवला. चौकात जाऊन एकदा खात्री करावी असंही वाटलं नाही, इतका ठेवला. त्याच आठवड्यात तन्मयला व्हॅनमधून काढलं. घरात सांगितलं, शाळेजवळ सकाळचा गणिताचा क्लास आहे, ऑफिसला जाता जाता मीच सोडीन. आणि क्लास खरंच लावला. खोटं पक्कं करायला पोराला गणित शिकवलं मी — अशी मी.

त्यानंतरच्या रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो होतो. ताईंनी विषय काढला. दिराचं डोकं तापलं, त्याचा माणूस ना तो. "कोण म्हणते असं?" वर्षा, माझी जाऊ, माझ्याकडे बघायला लागली. तिचा माझ्यावर फार भरवसा. मिनूच्या तापापासून भाजीतल्या मिठापर्यंत सगळं मला विचारून करायची. मी एवढंच म्हणायचं होतं, "म्हणूनच तर मी तन्मयला काढलं." एक वाक्य. किती वेळ लागतो?

मी वरण वाढत होते. म्हटलं, "ताईंले सगळीकडे वाईटच दिसते बाप्पा. मनावर नका घेऊ."

दीर हसला. वर्षाही हसली, सुटल्यासारखी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि वरणासाठी वाटी पुढे केली.

काहून केलं असं? दिराशी तोंड वाजवायचं नव्हतं, हे एक. आणि — हे लिहायला लाज वाटते — घरात शहाणी सून म्हणून माझं नाव होतं. काळ्या जिभेच्या बाईच्या बोलण्यावरून मी पोराला काढलं, असं कळलं असतं तर ते नाव गेलं असतं. मला माझी पट्टी भरलेली हवी होती.

अजून एक आहे. हे मी गाळणारच होते. नंतर काही दिवसांनी वर्षा म्हणाली, "वहिनी, तुम्ही जाताच तिकडे तर मिनूलेही बसवा ना गाडीवर." मी म्हटलं, "तिघं कसे मावतील वं? पोलीस पकडतात." महालात राहून हे मी बोलले! जिथे एका स्कूटीवर नवरा, बायको, दोन पोरं न् मधे सिलिंडर जाते. खरं कारण सांगू? मला सकाळी घाई असायची आणि मिनू वेण्या घालायला वेळ लावायची. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

थंडीचे दिवस होते. धुकं नव्हतं, रस्ता मोकळा होता. व्हॅन दुभाजकावर चढून कलंडली. बाकीच्या मुलांचं खरचटण्यावर निभावलं. मिनू दाराशी बसली होती, तिचा उजवा कोपर दाराखाली आला. तन्मय व्हॅनमध्ये होता तेव्हा दाराशी तो बसायचा, तिला आतल्या बाजूला घेऊन. तो गेल्यावर ती जागा तिला मिळाली होती. खूश होती म्हणे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई धावत आल्या, हातात मिनूचा स्वेटर. वर्षानं त्यांना पाहिलं न् किंचाळली, "दूर व्हा! तुमच्याच तोंडातून निघालं होतं! तुमच्या काळ्या जिभेनं खाल्लं माझ्या पोरीले!"

शब्द कोणाचा होता? माझा. तिळगुळाबरोबर वाटलेला.

त्या कॅसांड्राचं फक्त कोणी ऐकत नव्हतं, तेवढ्यावर भागलं. आमच्याकडे त्याच्या पुढचं आहे. आधी ऐकायचं नाही, आणि झालं की म्हणायचं — तू बोललीस म्हणून झालं.

मग वर्षा माझ्याकडे वळली. रडता रडता मधेच थांबली. "वहिनी, तुम्ही तन्मयले काहून काढलं होतं व्हॅनमधून?"

सगळे तिथेच होते. नवरा, दीर, आणि भिंतीला टेकून ताई, तो स्वेटर छातीशी धरून. मी खरं बोलले असते तर वर्षा माझ्या अंगावर आली असती. येऊ द्यायला हवं होतं. पण त्या क्षणी सगळ्यांना कळलं असतं की ताईंनी शाप दिला नव्हता, त्यांनी एक झोपलेला माणूस पाहिला होता आणि आम्हाला येऊन सांगितलं होतं.

"क्लासची वेळ जुळत नव्हती वं," मी म्हटलं.

हेच ते. या एका वाक्यासाठी एवढा वेळ तुम्हाला गेममध्ये आणि हळदीकुंकवात फिरवलं.

ताईंनी ऐकलं. त्या बोलल्या असत्या तरी कोणी ऐकलं असतं? त्यांचं ऐकायचं नसतं हे मीच तर सगळ्यांना शिकवलं होतं.

कोणी त्यांना घराबाहेर काढलं नाही. फक्त वर्षा मिनूला त्यांच्यासमोर आणेना. ताई जिन्याशी आल्या की वरचं दार लागायचं. ज्या बाईनं त्या पोरीला रोज बोट धरून चौकात नेलं, तिनं जिन्याखालून तिचा आवाज ऐकायचा. उन्हाळा लागायच्या आधी त्यांनी मशीन बांधली. सावनेरला मावसबहिणीकडे एक खोली रिकामी होती. नवरा म्हणाला, ताई, राहा ना. मी तसं म्हटलं नाही. मी रिक्षात मशीन चढवू लागले.

बसस्टँडवर सोडायला मीच गेले होते. बस हलली तेव्हा त्या खिडकीतून वाकल्या न् म्हणाल्या, "तन्मयले काढलंस ते लय बरं केलं वं."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी आज हे लिहिलं नसतं, त्यांच्याशी भांडून मोकळी झाले असते. ताईंना टोमणे मारता येत नाहीत. त्यांना खरंच बरं वाटलं होतं, की कोणीतरी त्यांचं ऐकलं.

मिनू आता मोठी झाली. हात पूर्ण सरळ होत नाही. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात ती पुढच्या रांगेत नाचायची, ते सुटलं. राखीला तन्मयसमोर बसते, उजवा कोपर अंगाशी धरून डाव्या हातानं गाठ ओढते. तो तिला चिडवतो, ती त्याला चापट मारते. मी निरांजनाचं ताट धरून उभी असते. वर्षा अजूनही सगळं मला विचारून करते.

गेम अजून खेळते. हरत नाही. फार वेळा खोटं पाडलं की एका हंगामात कॅसांड्रा दरबारात येतच नाही. तिची जागा रिकामी दिसते, आणि लोकांचा भरवसा उलट वाढतो. ती कुठे गेली ते गेममध्ये दाखवत नाहीत. तन्मयलाही माहीत नाही.

मला माहीत आहे. सावनेरला असते. साड्यांना फॉल लावते.

फोन करतात ताई, मलाच करतात. तन्मयचं विचारतात, मग हळूच विचारतात, "मिनूचा हात कसा आहे वं आता?" मी सांगते, बरा आहे ताई, सरळ झाला. पलीकडे मशीन थांबते. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होते.