फॅक्सची उत्तरपूजा

फॅक्स मशीन घरात आलं त्या दिवशी ते ठेवायला जागाच नव्हती. लालबागच्या आमच्या खोलीत टेबल एकच. त्यावर माझे शब्दकोश, आईच्या औषधांच्या बाटल्या आणि टेलिफोन. शब्दकोश पलंगाखाली गेले, बाटल्या देव्हाऱ्याशेजारी गेल्या, तेव्हा कुठे मशीन बसलं. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"कागद घालायचा खंय नि निघणार खंयसून?"

मी त्यांना दोन फटी दाखवल्या. कुठली आत घ्यायची आणि कुठली बाहेर टाकायची, हे मलाही नक्की माहीत नव्हतं. पण मी शिकलेली मुलगी, त्यामुळे खात्रीने बोट दाखवलं.

बाबांना जाऊन आता काही महिने झाले. हे सगळं लिहायला बसले की मी एका जागी येऊन अडते. तिथे नेमकं काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही, आताही कळत नाही. त्या जागेपर्यंत तरी नीट जाता यावं म्हणून पहिल्यापासून सांगते.

बाबा गिरणीत विणकर होते. संप झाला तेव्हा मी शाळेत होते. संप मिटला असं कुणी कधी सांगितलं नाही. तो नुसता लांबत गेला आणि मग त्याबद्दल बोलणं थांबलं. गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. बरीच वर्षं ते "चालू होईल" म्हणत राहिले आणि नंतर एक दिवस न सांगताच कॉटन ग्रीनच्या एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन म्हणून लागले. युनिफॉर्मची टोपी ते डब्याच्या पिशवीत घालून नेत. आपली चाळ, आपला नाका मागे पडल्यावरच ती डोक्यावर चढे. गोदामात कापसाची धूळ होती, त्यांना खोकला होता, आणि रात्रभर खुर्चीत बसून त्यांचे पाय सुजत.

मी तेव्हा घरगुती यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं मराठी करायचे. मिक्सर, इस्त्री, गीझर. 'झाकण घट्ट बसल्याची खात्री करून घ्या' अशी वाक्यं मी शेकड्याने लिहिली असतील. काम गिरगावातल्या एका लहान कचेरीतून मिळे. ती चालवणाऱ्या बाई मोजकंच बोलत. एकदा म्हणाल्या, "तू पानं घेऊन बसने येणार, मी दुरुस्त्या देणार, तू परत जाणार. असं किती दिवस चालायचं? मला महिन्याचं बांधलेलं काम द्यायचंय, पण घरी फॅक्स असलेल्या माणसाला. दादरला एकजण आहेत, त्यांच्याकडे आहे. तू बसवतेस का?"

मी हो म्हटलं. चाचणी म्हणून त्यांनी मला कपडे धुण्याच्या मशीनची पुस्तिका दिली. पानं शुक्रवारी दुपारच्या आत फॅक्सने पोचायला हवी होती, नाहीतर काम दादरला जाणार होतं.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "हे काम लागलं की तुम्ही वॉचमनकी सोडायची."

"लागू दे आधी," बाबा म्हणाले.

तो होकार आहे असं मी धरून चालले. मशीन बंद होणाऱ्या एका कचेरीतून जुनं मिळालं होतं. सोबत इंग्रजी पुस्तिका होती, पण मधली पानं नव्हती. मी पलंगावर बसून उरलेली पानं वाचू लागले. यंत्रांच्या पुस्तिकांवर मी पोट भरत होते आणि मला या पुस्तिकेतलं एक वाक्य धड लागेना. मूळ प्रत कशाला म्हणायचं? जी मी घालते ती, की समोर निघते ती? फोन आपण उचलायचा, की मशीनला उचलू द्यायचा?

बाबा मध्येच म्हणाले, "पूजा केल्याशिवाय चालू करू नको." आणि आईकडे हळदकुंकू मागितलं. आईने माझ्याकडे बघितलं. गिरणी सुटल्यापासून बाबांनी दसऱ्याला घरातल्या कशालाच, साध्या कात्रीलाही, हळदकुंकू लावलं नव्हतं. मी गॅलरीत नारळ सोलत बसले. आत आले तेव्हा मशीनवर फूल होतं, उदबत्ती होती, आणि बाबा बोटं पुसत होते. मला फार बरं वाटलं.

पहिलं पान पाठवलं आणि गिरगावच्या बाईंचा फोन आला. "कोरं आलंय. एक उभी रेघ तेवढी आहे."

मी पान सुलटं घातलं होतं, अक्षरं वर. मशीन खालून वाचतं, अक्षरं खाली हवीत, हे तेव्हा कळलं. बाबा पोटभर हसले. "एवढी शिकलंस, नि कागद उपडा घालूक येत नाय!" नंतर तो त्यांचा आवडता विनोद झाला. कुणी मशीन बघायला आलं की बाबा कागद हातात घेऊन दाखवत, "हे असं. तोंड खाली."

मी पान उपडं घातलं. ते सरकत आत गेलं, सरकत बाहेर आलं. मशीनने एक चिठ्ठी छापली, तिच्यावर 'ओके'.

"गेलो?" बाबांनी विचारलं.

"गेला."

"मगे हो हंय कसो?" त्यांनी कागद उचलून दोन्हीकडून पाहिला. बाबा एरवी आमच्याशी साधं मराठी बोलत. गोंधळले की मालवणीवर जात. त्या आठवड्यात घरात मालवणीच जास्त ऐकू आली.

पुन्हा बाईंचा फोन. "आता अक्षरं आहेत. पण वरपासून खालपर्यंत ती काळी रेघ आहेच. जाड. शेजारी अजून एक, फिकी. रेघेखालचे शब्द वाचता येत नाहीत."

मी दुसरं पान पाठवलं. रेघ. घरीच नक्कल काढायचं बटण होतं, ते दाबलं. रेघ, त्याच जागी. बाबांनी ती नक्कल उजेडात धरली आणि कापड तपासावं तशी दोन्ही हातांनी ताणली. "ताण्याचा धागा गेलाय," ते म्हणाले. "उभा दोष आहे. तुझ्या कागदाच्या गुंडाळीतच खोट आहे." मला ते पटलं. मी जाऊन नवी गुंडाळी आणली. रेघ तशीच. मग मी म्हटलं, माझी शाई जास्त काळी असेल. निळ्या शाईने लिहून पाहिलं. मग पेन्सिलने. मग मी पुस्तिकेत शोधू लागले, आणि अर्थातच रेघांविषयीचं पान नसलेल्या पानांतलं होतं.

गुरुवारी बाई म्हणाल्या, "माझ्याकडून एक कोरा नमुना पाठवते. माझीही पानं तुझ्याकडे अशीच येतात का बघू."

आमचा फोन मजल्यावरचा एकुलता. कुणाचाही निरोप यायचा, जो जवळ असेल तो उचलायचा, 'धरून ठेवा हं' म्हणून रिसीव्हर बाजूला ठेवायचा आणि गॅलरीतून हाका मारायच्या. बाईंचा फॅक्स आला तेव्हा मी नळावर होते. फोन शेजारच्या काकींनी उचलला. रिसीव्हरमधून लांब शिट्टी आली. काकींनी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि थेट शेवटच्या खोलीतल्या मावशींना हाताला धरून घेऊन आल्या. मावशींचा मुलगा बोटीवर नोकरीला होता.

"घ्या, बोला. बोटीचा भोंगा ऐकू येतोय, पण तो काही बोलत नाही."

मावशींनी रिसीव्हर कानाला लावला. "अरे, जेवलास का?" त्या ओरडल्या. "आवाज कर मोठा! भोंगा बंद करायला सांग!"

मी बादली टाकून धावत आले तोवर फॅक्स तुटला होता. मावशी डोळे पुसत होत्या. "ठीक आहे म्हणायचा," त्या म्हणाल्या. तो फॅक्स होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाईंनी पुन्हा पाठवलं. त्यांचं पान स्वच्छ आलं, एकही रेघ नाही. म्हणजे गुंडाळी चांगली होती, आणि दोष माझं पान जिथून जातं तिथे होता. मी झाकणाच्या कडेने बोट फिरवलं तेव्हा एक खटका लागला. तो ओढल्यावर मशीनचा वरचा भाग उघडला. असा तो उघडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आत पांढरा रूळ होता, आणि त्याखाली काचेची बारीक पट्टी. पट्टीवर एक लाल बोट आणि त्याला लागून एक पिवळं. वाळून घट्ट झालेलं.

"बाबा, हे आत लावलंत?"

"मग बाहेर काय लावायचं? ती नुसती पेटी, खटका ओढला की उघडते. मागाच्या सांगाड्याला कुणी लावत नाही, धोट्याला लावतात. जे काम करतं त्याला." ते जवळ आले, वाकून बघू लागले. "म्हणजे ती रेघ..." आणि त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं.

मी ओलं फडकं घेतलं. आईने माझं मनगट धरलं.

"कुंकू पुसतेस? माझ्यादेखत?"

"अगं आई, काच आहे ती."

"काय का असेना. यांनी लावलंय. इतक्या वर्षांनी लावलंय."

"पुस गो," बाबा म्हणाले. "मी काय लगेच मरत नाय."

"तुम्ही तोंडाला कुलूप लावा!"

उद्या दुपारच्या आत पानं जायला हवी होती आणि मी फडकं घेऊन उभी. देवाधर्मात माझं फार लक्ष नव्हतं, पण आईचा हात झटकून ते कुंकू पुसायला माझाही हात होईना. शेवटी तोड आईनेच काढली. "नुसतं पुसायचं नाही. रीतसर उत्तरपूजा करा, हलवा, आणि मग काय ते करा."

आमच्या भागात हे कुणाला समजवावं लागत नाही. अनंत चतुर्दशीला मूर्तीवर अक्षता टाकून ती जागची जराशी हलवली, की देव निघाला. मग उरलेलं उचलायला हरकत नाही.

"फॅक्सची उत्तरपूजा?" बाबा म्हणाले. "अजून काम लागलं नाही, नि विसर्जन?"

"दीड दिवसाचा असतो ना? तसा हा."

बाबांनी अक्षता घेतल्या. "तांदूळ आत जाऊ देऊ नका," मी कळवळून म्हटलं, तेव्हा त्यांनी ते दाणे एकेक करून मशीनच्या पाठीवर ठेवले. मग दोन्ही हातांनी मशीन धरून जरासं पुढे सरकवलं. आईने हात जोडले. मी काच पुसली.

बाबा गेल्यावरही आई कुंकू लावते. चाळीतल्या कुणी टोकलं तर म्हणते, "उत्तरपूजा कुठे केली अजून?" विचारणाऱ्याला काही कळत नाही. मला कळतं, असं वाटतं.

शुक्रवारी सकाळी सगळी पानं स्वच्छ गेली. बाई फोनवर फक्त "आली" म्हणाल्या, आणि पुढच्या आठवड्यापासून बांधलेलं काम सुरू झालं. बाबा दिवसा झोपून उठले की मशीनशेजारी बसत. मला कागद उपडा घालताना बघत. एकही चुकू देत नसत. "तोंड खाली," माझ्या आधीच म्हणत.

काम चांगलं रुळल्यावर मी बाबांचा राजीनामा लिहिला. वॉचमन पुरवणाऱ्यांची कचेरी भोईवाड्यात होती आणि त्यांच्याकडे फॅक्स होता. बाबांनी राजीनामा सावकाश वाचला. 'मी काम सोडत आहे' या ओळीवर थांबले.

"गिरणीचं काम आम्ही सोडलं नव्हतं हां," ते म्हणाले. "बंद केलं होतं."

"हो बाबा. हे वेगळं आहे."

"वेगळं आहे," ते म्हणाले, आणि सही केली. "दे, मी घालतो."

मला ते आवडलं. मी नंबर लावून दिला, बटण दाखवलं आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला गेले. मागे मशीनचा ओळखीचा आवाज झाला. आत आले तेव्हा चिठ्ठी छापून झाली होती. ओके. आईने देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी फोन वाजला. बाबांनीच उचलला.

"कोरा आलाय? असेल. चुकून गेला असेल. नाही नाही, विशेष काही नव्हतं. येतोय मी ड्युटीवर."

रिसीव्हर ठेवून ते डबा भरायला लागले.

"बाबा, कागद सुलटा घातलात?"

"असेल."

"मग पुन्हा पाठवते मी."

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं, तिसऱ्या दिवशी बदली माणूस नाही म्हणाले, आणि पुढे मीही विचारेनाशी झाले. गोदामाच्या पायऱ्या चढवेनात तोवर ते जात राहिले. महिन्याचं काम घरात येत होतं आणि बाबा टोपी पिशवीत घालून कॉटन ग्रीनला जात होते.

कधी वाटतं, ती खरंच चूक होती. इतक्या पानांत एखादं कुणाचंही उलटं जातं. मग आठवतं, फोनवर ते किती नीट बोलले. साधं, सरळ मराठी. मालवणी एक शब्द नाही. मला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असेल का? की मी जे त्यांच्यासाठी करत होते, ते त्यांनी मागितलंच नव्हतं? विचारायला हवं होतं, पण नेमकं काय विचारायचं हे आत्ता कुठे कळायला लागलंय.

त्या संध्याकाळी ते बाहेर पडले तेव्हा राजीनामा टेबलावर पडला होता. मी तो उचलला. पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा करून पाहिला. जिन्यावरून बाबांचा खोकला एकेक मजला खाली उतरत गेला.